गाडीबरोबरचे जादा सामान : नगर जिल्ह्याच्या वाटांवरील सुट्या भागांचा इतिहास

प्रवासाला निघताना वाहनाचे किंवा यंत्राचे सुटे भाग बरोबर घेण्याची रीत चाकाइतकी जुनी आहे. बरोबर काय घ्यायचे, हे वाहन कोणते यावरून फारसे ठरत नाही. मोडलेला भाग पुढच्या वाटेवर कोण घडवून देईल किंवा कोण विकेल, यावरून ते ठरते. गाडीवानाची पिशवी, मोटारीतली हत्यारांची पेटी आणि रणगाड्याच्या अंगावर बांधलेल्या पट्ट्याच्या जादा कड्या ही तिन्ही याच हिशेबातून भरली गेली. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात हा हिशेब चांगला तपासता येतो. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून थोडा मोठा असलेला हा जिल्हा राज्यात क्षेत्रफळाने पहिला आहे. अकोले तालुक्यात सह्याद्रीचे डोंगर, उत्तरेला गोदावरी-प्रवरेची काळी जमीन, पाथर्डी-जामखेडकडे उजाड माळ. पुणे, नाशिक, औरंगाबाद, बीड, सोलापूर आणि कल्याणच्या वाटा नगर शहरात येऊन मिळतात, आणि मधली गावे पूर्वी एकमेकांपासून बरीच दूर होती.

चाकाची गाडी सर्रास रुळण्यापूर्वी लांबचा माल बैलांच्या पाठीवरून जाई. लमाणांचे तांडे धान्य आणि मीठ वाहत. पाठीवरच्या या वाहतुकीत मोडण्यासारखे फारसे काही नव्हते. गोणी उसवली तर दाभण आणि सुतळी, पालाण फाटले तर एखादे जुने कातडे, तुटणाऱ्या दोरासाठी दुसरा दोर, एवढ्यावर भागे. बैल मेला तर त्याचे ओझे इतर बैलांवर वाटून दिले जाई. तांड्यात बैल मोठ्या संख्येने असत, तेव्हा जादा जनावर हाच एक सुटा भाग होता म्हणायला हरकत नाही.

लष्कराची गोष्ट वेगळी होती. तोफ बैलाच्या पाठीवर जात नाही, आणि तिचे चाक मोडले की ती जागेवरच राहते. म्हणून दख्खनमध्ये फिरणाऱ्या प्रत्येक मोठ्या फौजेबरोबर सुतार, लोहार आणि चांभार चालत. ऑगस्ट १८०३ मध्ये ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीने आधी नगरची पेठ आणि १२ तारखेला किल्ला घेतला, तेव्हा त्याला या किल्ल्याचा पहिला उपयोग दिसला तो कोठारासाठी. पुढच्या मोहिमेचे धान्य आणि दारूगोळा इथे साठवून तो गोदावरीकडे निघाला आणि महिनाअखेरीस टोक्याच्या बाजूने नदीपार झाला. युरोपीय तोफखान्यांत अठराव्या शतकापासून आणखी एक विचार रुजत होता. शक्य तितक्या गाड्यांना एकाच मापाची चाके लावायची आणि दारूगोळ्याच्या गाडीमागे एक जादा चाक बांधून ठेवायचे. मग ते कोणत्याही गाडीला चाले. सुट्या भागांच्या इतिहासात ही कल्पना लोखंडाइतकी महत्त्वाची आहे. गावच्या शेतकऱ्यापर्यंत ती पोहोचायला मात्र पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दख्खनच्या खेड्यांत गाड्या होत्या, पण त्या जड असत. दगडाची किंवा लाकडाची भरीव चाके, ओढायला अनेक बैल, आणि काम मुख्यतः गावशिवारातले. १८३६ च्या सुमारास सोलापूरच्या बाजूला टेंभुर्णी येथे जमिनीच्या पाहणीवर असलेल्या गेसफर्ड नावाच्या इंग्रज लेफ्टनंटाने आऱ्यांच्या चाकांची हलकी, स्वस्त गाडी तयार करवून घेतली आणि ती त्या भागात पसरली. दोन बैलांत चालणारी ही गाडी शेतकऱ्याला परवडे आणि गावाबाहेर जाऊ शके. त्याचबरोबर ती मोडतही असे. भरीव चाकात बिघडायला काही नव्हते. नव्या चाकात तुंबा, आरे, पाटे आणि लोखंडी धाव असे निरनिराळे भाग आले, आणि त्यांतला कोणताही सैल झाला की सगळे चाक खिळखिळे होई.

नगरच्या हवेत हा सैलपणा नेहमीचा होता. चाक बहुतेक बाभळीचे असे. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात सुकून आकसते, आणि तापवून घट्ट बसवलेली धाव चैत्र-वैशाखात पाट्यांवर ढिली पडते. गाडीवानाला ते आवाजावरून कळे. मग तो दोन उपाय करी. धाव आणि पाटा यांच्या फटीत लाकडाच्या पाचरी ठोकी, आणि वाटेत ओढा किंवा नदीचा उतार लागला की गाडी पाण्यात उभी करून बैल सोडी. लाकूड पाणी पिऊन फुगे आणि धाव पुन्हा घट्ट बसे. मुळा, प्रवरा, सीना या नद्यांचे उतार त्यामुळे मुक्कामाचे ठिकाण होते तसे दुरुस्तीचेही. पण नदीला पाणी असेल तरच. जिल्ह्याच्या दक्षिणेला आणि पूर्वेला उन्हाळ्यात बहुतेक ओढे कोरडे, म्हणून तिकडच्या गाडीवानाच्या झोळीत पाचरींची संख्या जास्त असावी, असे मानायला जागा आहे.

गाडीवानाच्या सामानात पहिला मान कुणीचा. आसाच्या टोकाला चाक अडवून धरणारी ही लोखंडी खीळ बोटाएवढी असते. ती निसटली की चाक गळून पडते आणि भरली गाडी एका बाजूला बसते. ती झिजते, वाकते, खड्ड्यात उडून धुळीत हरवते. किंमत नगण्य, वजन नाही, आणि तिच्यावाचून सगळेच अडते. असा भाग कोणत्याही काळातला प्रवासी सर्वांत आधी बांधून घेतो. कुणीखालोखाल वंगण. एरंडेलात जळक्या चिंध्यांची काजळी कालवून केलेले हे काळे मलम बांबूच्या नळकांड्यात भरून साट्याखाली टांगलेले असे. त्यानंतर जुवाच्या शिवळा, जुपण्या, कासरा, नाडा, आणि बैलांच्या खुरांना ठोकायच्या पत्र्या व त्यांचे खिळे. एखादा आरा किंवा बाभळीचा ओबडधोबड तुकडा कोणी घेई, पण तो बसवायला सुतार लागेच. आस किंवा सबंध चाक सहसा कोणी बरोबर नेत नसे. त्याऐवजी भाड्याने माल नेणारे गाडीवान चार-सहा गाड्या मिळून निघत. एकीचा आस मोडला की माल बाकीच्यांवर चढवला जाई.

या पिशवीमागे गावगाड्याचा हिशेब होता, आणि तो सहसा लक्षात घेतला जात नाही. गावात सुतार आणि लोहार हे बलुतेदार. शेतकऱ्याची औते आणि गाडी दुरुस्त करणे हे त्यांचे ठरलेले काम, आणि त्याचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. म्हणजे शिवारात मोडलेली गाडी रोख पैसा न देता नीट होई. शिव ओलांडली की हे संपले. परगावच्या सुताराचे या गाडीवानाकडे काही येणे नव्हते, देणेही नव्हते. त्याने आधी आपल्या गावकऱ्यांचे काम करायचे आणि मग वाटसरूचे, तेही रोख घेऊन. शिवाय प्रत्येक सुताराचे माप वेगळे. एका गावची कुणी दुसऱ्या गावच्या आसात बसेलच याची खात्री नव्हती. जादा सामान नेणे ही गाडीवानाची दूरदृष्टी होती हे खरेच, पण रोख पैसा वाचवण्याचा तो साधा उपायही होता.

१८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली आणि नगर, राहुरी, बेलापूर, पुणतांबे या बाजूंचा लांबचा माल रुळांवर गेला. गाडी संपली नाही. तिची वाट आखूड झाली. गाव ते स्टेशन एवढ्या प्रवासाला नळकांडे आणि दोन कुण्या पुरत. रेल्वेने तयार लोखंडी सामान बाजारपेठेत आणले आणि लोखंडी आसाची गाडी वाढली. यात्रा आणि जनावरांचे बाजार ही अशा सामानाची मोठी दुकाने बनली. काष्टीसारख्या बाजारात बैल घ्यायला गेलेला माणूस येताना कासरे, वेसणी आणि पत्र्या घेऊन येई.

विसाव्या शतकात मोटार आली, आणि जादा चाकाची कल्पना तिच्याबरोबर खेड्यापर्यंत आली. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक दिले जात नसे. पंक्चर झाले की टायर उतरवून रस्त्यावरच ट्यूब सांधावी लागे. १९०४ मध्ये वेल्समधल्या लॅनेली गावी डेव्हिस बंधूंनी हवा भरलेले जादा टायर-रिम विकायला काढले, आणि तेथील स्टेपनी रस्त्याचे नाव घेऊन ते हिंदुस्थानभर पोहोचले. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा खासगी सर्व्हिस मोटारी कोळशाच्या वायूवर चालवल्या गेल्या. मागे भट्टी, टपावर कोळशाची पोती, आणि राख काढायला सळई. इंधन पेटवण्याची साधनेच तेव्हा जादा सामानात जाऊन बसली होती. गाडी निघण्याआधी भट्टी पेटवून तयार ठेवावी लागे आणि वाटेत गाळण्या साफ कराव्या लागत.

राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती पुणे-अहमदनगर मार्गावर. या घटनेचे स्मरण दरवर्षी होते, पण त्या काळच्या ताफ्याचा एक तपशील सुट्या भागांच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. महामंडळाच्या नोंदीप्रमाणे तेव्हा दहा बनावटीच्या गाड्या वापरात होत्या : शेव्हर्ले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट. यांत इंग्रजी, अमेरिकन आणि इटालियन अशी तिन्ही घराणी आहेत. त्यांच्या नट-बोल्टांचे आटेही वेगळे. इंग्रजी गाड्यांना व्हिटवर्थ पद्धतीचे, अमेरिकन गाड्यांना त्यांच्या इंचाच्या मापाचे, इटालियन गाडीला मिलिमीटरचे. एका गाडीचा पाना दुसरीच्या बोल्टवर घसरे. शिरूरजवळ बंद पडलेल्या बेडफर्डला मागून आलेल्या स्टुडबेकरच्या पेटीतले बहुतेक काही उपयोगी पडण्यासारखे नव्हते. बलुत्याच्या काळात सुताराच्या मापामुळे जे होत होते तेच आता परदेशी कारखान्यांमुळे होऊ लागले.

यावर उपाय दोन होते आणि परिवहन खात्याने दोन्ही केले. बनावटी कमी करत पुढे ताफा मुख्यतः लेलँड आणि टाटा यांवर आणला, आणि गाड्या बांधणाऱ्या मध्यवर्ती कार्यशाळा उभ्या केल्या : पुण्याजवळ दापोडी, औरंगाबादला चिकलठाणा, नागपूरला हिंगणा. जिल्ह्याच्या ठिकाणी विभागीय कार्यशाळा, तालुक्याला आगार. यामुळे चालकाच्या पेटीतले सामान कमी झाले. स्टेपनी, जॅक, टॉमी, चाकाचा पाना, एखादा बल्ब आणि फ्यूज राहिले. पण करंजी घाट चढून बीडकडे जाणाऱ्या गाडीत रेडिएटरसाठी पाण्याचा डबा फार वर्षे जात होता, कारण पाणी उकळले तर ते वरच्या माळावर मिळेल याची शाश्वती नव्हती. मालट्रकवाल्यांची पेटी अधिक भरलेली राहिली. त्यांना आगार नव्हते. फॅनबेल्ट, होज पाइप, क्लिपा, कमानीच्या पाट्याचा मधला बोल्ट, पंक्चरचे सोल्युशन आणि हातपंप हे क्लीनरच्या ताब्यातले सामान. पाटा तुटला तर लाकडाचा ठोकळा देऊन दोराने आवळायचा आणि हळूहळू पुढचे गॅरेज गाठायचे, ही विद्या क्लीनर पहिल्या वर्षातच शिके.

नगर शहरात याच सुमारास सुट्या भागांचा एक वेगळा, अत्यंत शिस्तबद्ध संसार उभा राहत होता. १९४८ मध्ये चिलखती दलाचे केंद्र आणि शाळा येथे एकत्र आली. १९९४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात आज कोणालाही रणगाडे जवळून पाहता येतात. रणगाड्याचा पट्टा म्हणजे पोलादी कड्यांची साखळी. एक कडी तुटली की रणगाडा जागीच फिरतो. म्हणून बऱ्याच रणगाड्यांवर जादा कड्या बाहेरच अडकवलेल्या असतात. दुरुस्तीला हाताशी राहतात आणि पुढून येणाऱ्या गोळ्याला आणखी एक पोलादी थर आडवा येतो. रशियन बनावटीच्या काही रणगाड्यांबरोबर हवेची लांब नळीही जाते. ती बुरुजावर उभी केली की रणगाडा सुमारे पाच मीटर खोल पाण्यातून तळावरून चालत जाऊ शकतो. तो पाण्यात बंद पडला तर चालकदलासाठी श्वासाची उपकरणे आत ठेवलेली असतात. समुद्रापासून दूर असलेल्या या जिल्ह्यात पाण्याखाली श्वास घेण्याचे साधन प्रवासात बरोबर नेण्याची ही सर्वांत जवळची गोष्ट.

पाणबुड्याच्या छंदाची पेटीही पुढे काय मिळेल याच हिशेबाने भरते. ज्याक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये मागणीप्रमाणे हवा देणारे यंत्र जुळवले, त्यानंतर हा छंद जगभर पसरला. महाराष्ट्रात त्याचे मुख्य ठिकाण मालवण-तारकर्लीचा किनारा. सिलिंडर आणि वजनाचे पट्टे बहुतेक केंद्रांवर भाड्याने मिळतात, त्यामुळे कोणी ते घरून नेत नाही. घरून जातात त्या अगदी क्षुल्लक वस्तू : सिलिंडरच्या तोंडाशी बसणारी रबरी ओ-रिंग, मुखवट्याचा आणि फिनचा पट्टा, तोंडात धरायचा रबरी तुकडा आणि तो आवळायची प्लॅस्टिकची पट्टी, थोडे सिलिकॉन ग्रीस. ओ-रिंग फाटली तर हवा फसफसत बाहेर जाते आणि त्या दिवशीची बुडी रद्द होते. सिलिंडरला यंत्र जोडायच्या दोन पद्धती आहेत, एक शिकंज्यासारखी आणि दुसरी आट्याची. ज्याचे यंत्र आट्याचे आहे तो जोडणीचा तुकडा बरोबर ठेवतो, कारण पुढच्या केंद्रावर कोणती पद्धत असेल हे आधी ठाऊक नसते. विमानात लिथियमच्या जादा बॅटऱ्या हातातल्या सामानात आणि पाने-पेचकस खालच्या सामानात, असा नवा नियम तेवढा जास्तीचा.

जमिनीखालच्या पाण्याने मात्र नगर जिल्ह्यात हा सगळा व्यवहार उलटा केला. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरी आणि हातपंप वाढले. आधीचे बिडाचे पंप घरगुती वापरासाठी बनलेले होते. सबंध गाव दिवसभर हापसू लागले की ते टिकत नसत. सोलापूर आणि जालना भागांतल्या मिशनऱ्यांच्या कामातून मजबूत पंपाचे नमुने पुढे आले, आणि त्या अनुभवावर सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क दोन हा पंप ठरला. त्याचे भाग देशभर एकाच मापाचे. यंत्र गावात स्थिर, आणि सुटे भाग जीपमध्ये बसून त्याच्याकडे येणारे. जिल्हा परिषदांची दुरुस्ती पथके नळ्या, सळ्या, साखळी आणि सिलिंडरमधली वायसरे घेऊन फिरू लागली. बहुतेक वेळा झिजलेले असे ते वायसरच, पण ते बदलायला सगळ्या नळ्या वर ओढाव्या लागत. भाग हलका आणि काम जड, यामुळे पथकाची वाट पाहत बंद पडलेला पंप हे उन्हाळ्यातले नेहमीचे दृश्य झाले. विंधन विहिरी पाडणारी यंत्रे मात्र आपले सगळे बरोबर घेऊन येतात. त्यांतली पुष्कळ तामिळनाडूतल्या तिरुचेंगोडची. एका गाडीवर यंत्र, दुसरीवर नळ्या, जादा बिटे, डिझेल आणि स्वयंपाकाची भांडी.

जिल्ह्यातला सुट्या भागांचा सर्वांत मोठा हंगामी प्रवास ऊसतोडीचा आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याचे गाळप सुरू झाले. पुढे एकामागून एक कारखाने निघाले. तोडीला माणसे आली ती पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि शेजारच्या बीडमधून. मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यात पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की परततात. एका प्रवासाला सहा महिन्यांचे सामान लागते : कोप म्हणजे राहायची झोपडी उभारायला बांबू आणि पत्रे, धान्य, कोयते, कोयत्यांना धार लावायची कानस. गाडी सेंटरवरच्या, म्हणजे बैलगाडीने ऊस वाहणाऱ्या, जोडीला याशिवाय बैलांचा सगळा साज. गाडी बहुधा कारखान्याची, रबरी टायरची, पण जू, शिवळा, जुपण्या, कासरे आणि दोर हे ज्याचे त्याने आणायचे.

टायरगाडीने जुन्या पिशवीत मोठा फरक केला. लाकडी चाक आणि धाव गेली, पाचरी गेल्या, वंगणाचे नळकांडे गेले. बेअरिंगला ग्रीस कारखान्याच्या कार्यशाळेत भरले जाते. त्यांच्या जागी ट्यूब, पंप, टायर उचकटायचे लिव्हर आणि सोल्युशनची नळी आली. दीड-दोन टन ऊस भरलेल्या गाडीच्या टायरात बाभळीचा काटा मोडला तर गाडी निम्मी रिकामी केल्याशिवाय चाक निघत नाही. उतरवलेला ऊस पुन्हा भरायचा आणि तोवर कारखान्याच्या आवारातला नंबर मागे पडतो. म्हणून टोळीत एखादा गडी पंक्चर काढण्यात तरबेज असतो आणि त्याच्याजवळची पत्र्याची डबी टोळीची सामाईक मालमत्ता असते. बैलांच्या पत्र्या मात्र तशाच राहिल्या. डांबरी रस्त्यावर खुरे लवकर झिजतात, त्यामुळे मातीच्या वाटेवरच्या गाडीवानापेक्षा तोडणीच्या बैलाला त्या अधिक वेळा ठोकाव्या लागतात.

गेल्या काही दशकांत बैलगाडीची जागा ट्रॅक्टरमागच्या जोडगाड्यांनी घ्यायला सुरुवात केली. तोडणीवाले त्याला जुगाड म्हणतात. इथे महत्त्वाची वस्तू जोडणीची पिन. आकाराने ती कुणीच्या कितीतरी पट मोठी, काम तिच्यासारखेच, आणि चालकाच्या पायाशी दोन-तीन जादा पिना पडलेल्या असतात. त्याहून नवे ऊसतोडणी यंत्र. बुडख्याशी ऊस कापणारी त्याची पाती वारंवार बदलावी लागतात, म्हणून ती आणि हायड्रॉलिकच्या नळ्या यंत्राबरोबरच फडात नेल्या जातात. बाकीच्या बिघाडांसाठी विक्रेत्याची दुरुस्ती गाडी बोलवावी लागते, आणि ती येईपर्यंत यंत्र उभे राहते.